सोयगावचं उघडं कनेक्शन

“ताई, मी सांगितल्याबिगर माझी खिडकी बंद करू नका.”

फकिराचा हा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. समोरचा बहिरा आहे असं धरूनच तो फोनवर बोलायचा, आणि त्याच्या मागं डायलिसिसच्या मशीनची टीं टीं चाललेली असायची. खिडकी म्हणजे त्याच्या कंप्युटरवर उघडलेलं पेशंटचं पान. फकिरा आमच्या सोयगाव केंद्राचा टेक्निशियन. मी इकडं शहरात, गारखेड्याच्या मुख्य ऑफिसात. वैजापूर, चितेगाव, सोयगाव अशा सगळ्या डायलिसिस केंद्रांची माहिती, म्हणजे कुणाचं वजन किती, कुणाच्या अंगातून मागल्या खेपेला किती पाणी काढलं, आज कुणाचा नंबर कोणत्या मशीनवर, हे सगळं आमच्या एकाच सर्व्हरवर असतं. तो सर्व्हर सांभाळणं हे माझं काम.

प्रत्येक केंद्रातला प्रत्येक कंप्युटर या सर्व्हरशी एक धागा जोडून बसतो. त्याला आम्ही कनेक्शन म्हणतो. ठरावीक संख्येच्या वर कनेक्शनं झाली की सर्व्हर गुदमरतो. म्हणून जो नुसताच बसून राहील, त्याला थोड्या वेळानं आपोआप तोडायचं, असा नियम मी लावलेला होता. फकिराची अडचण अशी की तो पेशंटचं पान उघडायचा, मग म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून काट्यावर न्यायचा, सुई लावायचा, चार गोष्टी बोलायचा आणि मग परत येऊन आकडे भरायचा. तोवर कनेक्शन तुटलेलं. म्हणून त्यानं तसं सांगितलं, आणि सोयगावला मी त्या नियमातून वगळलं. मला ते योग्यच वाटलं. माणसाला काट्यावर चढायला वेळ लागतो.

कार्तिक संपता संपता फकिरा गेला. भर दुपारी, केंद्रातल्या त्याच्या छोट्या खोलीत, कंप्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या. वय चाळिशीच्या आतलं. आमच्या ग्रुपवर आशाबाई सिस्टरचा निरोप आला, “आपला फकिरा गेला.” त्या दिवशी संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना मी त्याच्या नावानं एक फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सर्व्हर अडायला लागला.

आधी वाटलं, चितेगावचं केंद्र नवीन जोडलंय, त्याचा भार असेल. मुनीब सर आमचे विभागप्रमुख. त्यांनी सर्व्हरची मेमरी वाढवून दिली, कनेक्शनांची मर्यादाही वाढवली. त्यानं आणखीच बिघडलं. पिठाच्या गिरणीचं दार मोठं केलं म्हणून जातं काही भरभर फिरत नाही, आत गर्दी तेवढी वाढते. रोज सकाळी नंबर लागायच्या वेळी सगळ्या केंद्रांचे कंप्युटर गोठायचे. सिस्टर पेशंटलाच विचारायच्या, “मावशी, मागल्या खेपेला वजन किती होतं हो?” मावशी सांगणार तरी काय? वैजापूरला एका माणसाच्या अंगातून अंदाजानं जास्तीचं पाणी काढलं गेलं आणि तो मशीनवरच डोळे फिरवून पडला. नशीब, सावरला. पण ट्रस्टची मंडळी घाबरली ती घाबरलीच.

बुधवारी मुनीब सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“तनुजा मॅडम, ये तुमचं सोयगाव माझी नोकरी खाणार बघा.”

“सोयगावनं काय केलं, सर?”

“तुम्हीच रिपोर्ट दिलाय ना? रांगेत सगळ्यात पुढं कोण अडून बसलंय? सोयगाव. रोज सोयगाव. तोडून टाका.”

“तोडलं की परत येतं.”

“मग आयडीच बंद करा.”

“सर, त्या केंद्राचा एकच आयडी आहे. फकिराच्याच नावाचा. तो बंद केला की अख्खं केंद्र बंद.”

“तर बंद! ट्रस्टचं तेच म्हणणं हाय. शुक्रवारी सोयगाव बंद करायचं, पेशंट इकडं पाठवायचे. लिहून आलंय.”

इकडं म्हणजे शहरात. अंगात पाणी साचलेली, पाय सुजलेली माणसं, अजिंठ्याचा घाट चढून, एसटीत तीन-तीन तास. जाताना आणि येतानाही. आठवड्यातून दोनदा. त्यातली किती पोचतील आणि किती कंटाळून घरीच पडून राहतील, हे मुनीब सरांनाही कळत होतं. त्यांच्या आवाजातला चढ त्याचाच होता.

“मला उद्याचा दिवस द्या,” मी म्हणलं.

“दिवस घ्या, लेकिन जेवायच्या वेळी तरी त्या स्क्रीनला सोडा. मॅडम मौनात जेवतात, तर सर्व्हरलाही म्हणावं तू पण मौन धर.”

दुपारचं जेवण मी न बोलता करते. लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे. त्या दिवशी डबा उघडला आणि समोर स्क्रीन तशीच ठेवली. दुपारी त्या वेळेला सकाळचे पेशंट उतरलेले असतात, दुपारचे चढायचे असतात, सिस्टर जेवायला बसलेल्या असतात. कनेक्शनं असतात, पण सगळी गप्प. एक सोयगावचं तेवढं गप्प नव्हतं.

आमचा प्रोग्राम मधून मधून सर्व्हरला एक रिकामा प्रश्न विचारतो. त्यात काही मागणं नसतं. नुसतं, आहेस का? सर्व्हर म्हणतो, आहे. एवढंच. सगळ्या कंप्युटरांचा हा प्रश्न घड्याळाच्या काट्यासारखा सारख्या अंतरानं येतो. सोयगावचा तसा येत नव्हता. आहेस का? मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ, आहेस का, आहेस का. मग पुन्हा थांबलेलं. जिना चढून आलेल्या माणसाचा श्वास असतो ना, तसं. मेथीच्या भाजीचा घास हातात तसाच राहिला.

मी डाव्या हातानं ते कनेक्शन तोडलं. ओळ गेली. घास तोंडात घालायच्या आत ती परत आली होती, आणि तिच्या मागं इतर केंद्रांची रांग पुन्हा लागायला सुरुवात झाली होती. मौन नसतं तर मी कुणाला तरी हाक मारली असती.

हात धुऊन मी नीट पाहिलं. ते कनेक्शन एक काम अर्धं करून थांबलेलं होतं. एका पेशंटचं पान धरून ठेवलेलं, नंबर लावायला घेतलेला, पण लावलेला नाही. सगळ्या केंद्रांचे नंबर सकाळी एकदम लागतात. त्यातलं एक नाव कुणी मुठीत धरून ठेवलं की बाकीचे सगळे त्याच्या मागं खोळंबतात. पेशंटचं नाव होतं सारजाबाई.

मी आशाबाईंना फोन लावला.

“आशाबाई, फकिराच्या खोलीतला कंप्युटर चालू आहे का हो?”

“तिथं कुणी बसत नाय, ताई.”

“चालू आहे का?”

“कुणी बसत नाय म्हणलं ना.”

“बरं. सारजाबाई कशा आहेत?”

मग आशाबाईंनी अगदी हळू विचारलं, “तुम्हाला सारजाबाईचं नाव कुणी सांगितलं?”

शफीभाईंची जीप दर गुरुवारी सोयगावला डायलिसिसच्या द्रावणाचे कॅन घेऊन जाते. मी पुढच्या सीटवर बसले. मार्गशीर्षातला गुरुवार, मला उपास. शफीभाई फुलंब्री, सिल्लोड येईपर्यंत काहीच बोलले नाहीत, आणि एरवी हा माणूस हॉर्नशीसुद्धा गप्पा मारतो.

घाट उतरताना म्हणाले, “ताई, एक बोलू? फकिरा गेल्यावर मी त्या खोलीत कॅन ठेवत न्हाय. बाहेरच ठेवतो.”

“का?”

“यार होता माझा. चहा सांगायचा, अन् आला की म्हणायचा तूच पी, मला पेशंट हाय. अख्खी जिंदगी त्याचा चहा मीच प्यालो.” मग म्हणाले, “मागल्या गुरुवारी दारातून जाताना आतून की-बोर्डचा आवाज आला. टक. एकच. मी म्हणलं उंदीर असंल. उंदीरच म्हणायचं, दुसरं काय म्हणणार?”

फर्दापूरवरून आत वळलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया पाठमोऱ्या. केंद्रात सगळ्या मशीनवर माणसं होती. कुणी झोपलेलं, कुणी छताकडं बघत पडलेलं. आशाबाई पन्नाशीच्या, पांढरे केस करकचून बांधलेल्या. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “चला. दाखवते.”

फकिराच्या खोलीचं दार बाहेरून कडी घालून लावलेलं होतं. खिडकीला पडदा. आत अंधार, आणि त्या अंधारात पेटलेली स्क्रीन. सारजाबाईचं पान उघडं. नंबरच्या रकान्यात ती बारकी काडी लुकलुकत होती. की-बोर्डच्या पुढं एक स्टीलची ताटली, ताटलीत पीठ पसरलेलं.

“ओरडा आता,” आशाबाई म्हणाल्या.

“मी कधी ओरडले का कुणाला? बसा. सांगा.”

त्या बसल्या नाहीत. “घरात माणूस गेलं की तिथं दिवा ठिवतात ना, तेराव्यापत्तर? त्याच्या घरी ठिवला होता. पण तो तर इथं गेला. या खुर्चीत. मग इथला दिवा कुणी ठिवायचा? मी पणती आणली होती. पण भिंतीला लागून ऑक्सिजनच्या टाक्या हायेत, इथं काडी वढायची नाय, तुमचाच बोर्ड हाय. मग मी म्हणलं, हे जे पेटलेलं हाय तेच राहू दे. तो गेला तवापासनं ही स्क्रीन विझू दिली नाय. लाइट गेली तर बॅटरी लावली.”

“तेरावं होऊन गेलं ना पण?”

“झालं. पण दहाव्याला कावळा शिवला नाय. नदीवर, बाभळीवर बसून नुस्तं बघत होता. बायको म्हणली पोरीला शिकवीन. भाऊ म्हणला तुझ्या वाट्याच्या रानाला हात लावणार नाय. म्हातारी म्हणली माझी काळजी करू नको. सगळ्यांनी सगळं बोलून पाहिलं. उन्हं कलली तरी नाय. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. मग मी कशी विझवू हे? जीव अडकलेल्या माणसाचा दिवा मालवायचा असतो का? सांगा तुम्ही.”

त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. दिव्याच्या खाली पीठ पसरून ठेवतात, जाणाऱ्याचं पाऊल उमटतं म्हणून. मी ताटलीकडं पाहून विचारलं, “काही उमटलं होतं का?”

“पाऊल नाय,” आशाबाई म्हणाल्या. “बोटाचं टोक. तीनदा पीठ बदललं. परत्येक बारीला बोटाचं टोक.”

शफीभाई दाराबाहेरच उभे होते. त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायला सुरुवात केली.

मी लॅपटॉप उघडून माझ्या फोनच्या नेटवरून सर्व्हरला जोडला. सोयगावची ओळ सगळ्यात पुढं, मागं सगळ्यांची रांग. उलगडा झाला होता. प्रोग्रामची ती खिडकी उघडी आहे तोवर मी शंभरदा तोडलं तरी तो पुन्हा जोडून तेच पान धरणार. मला हायसंही वाटलं. आजच मुनीब सरांना सांगता येईल, केंद्र बंद करायची गरज नाही.

“आशाबाई, आता हे शांत करावं लागेल. नाहीतर उद्या हे केंद्रच बंद होईल. या बाहेरच्या सगळ्यांना शहरात यावं लागेल.”

“माझ्यानं नाय व्हायचं.”

“मी करते.”

मी हात जोडले, मनातल्या मनात दत्ताचं नाव घेतलं, आणि बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली. खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली. लॅपटॉपवर सोयगावची ओळ तशीच होती.

“गेलं नाय?” आशाबाईंनी विचारलं.

“असं होतं. समोरचा न सांगता गेला की सर्व्हरला ते लगेच कळत नाही. तो काही वेळ तसाच धरून बसतो, वाट बघत.”

“माणसासारखंच की.”

“हो. थोड्या वेळानं सोडून देईल.”

मी हे म्हणत असतानाच त्या ओळीवर हालचाल झाली. आहेस का?

मी पुन्हा पाहिलं. आहेस का? सर्व्हर म्हणाला, आहे.

“शफीभाई, त्या कंप्युटरची वायर काढा. भिंतीतून. आणि ती निळी नेटची वायर, तीही.”

शफीभाई आत आले, मान वळवून, डोळे जवळजवळ मिटून, आणि दोन्ही वायरी ओढून लांब फेकल्या. मग भिंतीला टेकून उभे राहिले. लॅपटॉपवर मात्र तेच, आहेस का, आहेस का. मग थांबलेलं. कंप्युटरचा पत्रा मी हातानं चाचपून पाहिला. गार होत चालला होता.

फोन वाजला. मुनीब सर. “मॅडम, वैजापूर अडलंय, चितेगाव अडलंय. दुपारचे पेशंट बसून हायेत. मी उद्याची वाट बघत न्हाय, आत्ताच आयडी बंद करतो. कापू का?”

“थोडं थांबा सर.”

“कशासाठी?”

“थांबा,” मी म्हणलं आणि फोन ठेवला. आयडी बंद केला असता तर ती ओळ गेली असती का, ते मला माहीत नाही. गेली नसती तर काय, हा विचार मला करवला नाही.

मी त्या नावाकडं पाहिलं. “आशाबाई, या सारजाबाई कोण?”

“वाडीवरच्या. तिकडं डोंगराच्या पायथ्याला. एकट्याच हायेत.”

“येतात कशा इथं?”

आशाबाईंचा चेहरा बदलला. “फकिरा आणायचा. त्याच्या फटफटीवर. तिकडं एसटी जात नाय. आधी इथं बसून त्यांचा नंबर लावायचा अन् लगेच गाडी काढायचा. परत सोडायला बी तोच जायचा.”

“आणि आता?”

“सुरवातीला कुणाकुणाच्या टेम्पोत आल्या. त्यांचं नाव दाबलं की सगळं अडकतं, म्हणून नंबर तोंडीच सांगितला होता. मागल्या खेपेला आल्याच नायत. आज बी त्यांचाच वार हाय. नदीवर कुणी सारजाबाईचं नाव घेतलं नाय. कुणाच्या ध्यानातच आलं नाय, ताई. घरच्यांना काय माहीत? मला माहीत होतं. पण मी सुतक्यातली नाय, मी कशाला पुढं होऊन बोलू?”

बाहेर एका मशीननं टीं टीं सुरू केलं. कुणी सिस्टर चपला फरफटत तिकडं गेली. एक खेप चुकलेल्या माणसाची दुसरीही चुकली तर पाणी छातीत चढतं. हे मला आकड्यांमुळं माहीत आहे. आशाबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं असणार.

मी उठून उभी राहिले. नदीवर उभं राहतात तशी. माझी कुणाशी मोठ्यानं बोलायची रीत नाही, आणि त्या काळ्या स्क्रीनशी बोलताना माझा आवाज मलाच परका वाटला.

“फकिराभाऊ, सारजाबाईंना आज मी घेऊन येते. आणि इथून पुढं दर खेपेला त्यांना कोण आणणार, हे ठरल्याशिवाय मी सोयगाव सोडत नाही. दत्तमहाराजांच्या साक्षीनं सांगते.”

काहीच झालं नाही. शफीभाईंचं पुटपुटणं तेवढं चाललेलं. आशाबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

मग ती ओळ हलली. या वेळी आहेस का नव्हतं. अर्धं राहिलेलं काम पुरं झाल्याची नोंद आली. सारजाबाईंच्या पानावर नंबर लागला, दुपारचा, खिडकीजवळच्या मशीनवरचा. आणि ओळ गेली.

तुटलेलं कनेक्शन आणि बंद केलेलं कनेक्शन सर्व्हर वेगवेगळं लिहून ठेवतो. तुटलं असेल तर तो तसं लिहितो, की समोरचा अचानक नाहीसा झाला. इथं त्यानं लिहिलं होतं, समोरच्यानं निरोप घेऊन बंद केलं. मी ते दोनदा वाचलं. मागची सगळी रांग, पाट फोडल्यावर पाणी सुटावं तशी वाहून गेली.

फोन पुन्हा वाजायला लागला. मुनीब सरच असणार. “मॅडम, क्या किया?” असं विचारणार. मी तो वाजू दिला.

आशाबाईंनी ताटलीतलं पीठ पदरात गुंडाळून घेतलं. “हे नदीत सोडते,” म्हणाल्या, आणि मग कपाटातून एक उशी काढून माझ्या हातात दिली. “पाठीला लावायला. त्यांना जीपमधी टेकून बसवत नाय. अन् रस्त्यात वढा हाय, तिथं सावकाश.”

“दारात कुत्रं वगैरे?”

“हाय. पण भुंकत नाय. फकिराच्या फटफटीचा आवाज आला की तेवढं भुंकायचं, शेपटी हालवत.”

शफीभाईंनी जीपमधले उरलेले कॅन खाली उतरवले. मागची सीट फडक्यानं पुसली. मी काही न सांगताच त्यांना सगळं कळलं होतं. मी मागं उशी ठेवली आणि पुढं बसले.

“ताई, तुम्ही काही खाल्लं न्हाय,” ते म्हणाले.

“उपास आहे. त्या आल्या की बघू.”

त्यांनी गाडी चालू केली. गावाबाहेर डांबर संपलं आणि कापसाच्या रानांमधून जाणारी गाडीवाट लागली. डोंगर समोर दिसत होता. शफीभाईंनी काच खाली करून एका वेचणाऱ्या बाईला वाडीचा रस्ता विचारला. तिनं हातातला कापूस ओटीत टाकून बोट दाखवलं, आणि आम्ही वळलो.